पायथन ३.१४ चा इंटरप्रिटर जीसीसीऐवजी क्लँगने बिल्ड करायचाय: काय काय सांभाळावं?

उपद्व्यापी | मंगळवार, रात्री ११:४२

मंडळी, इथे सोर्सवरून बिल्ड करणारी बरीच जाणती माणसं आहेत म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. त्यात पायथन ३.१२ आणि जीसीसी १३ (नेहमीचा सी कंपायलर) आयते मिळतात. मला पायथन ३.१४ चा इंटरप्रिटर, म्हणजे सी भाषेतला मूळ सीपायथन, क्लँग या पर्यायी कंपायलरने बांधायचाय. हौस तर आहेच, पण कामाचंही कारण आहे. ऑफिसात आमचं एक सी++ मॉड्यूल पायथनमधून वापरतो. ते क्लँगने, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) लावून बांधलं की सिस्टिमचा पायथन ते लोड करतानाच उखडतो. तक्रार अशी, की सॅनिटायझरचं रनटाइम लायब्रऱ्यांच्या यादीत पहिलं नाही. एलडी-प्रीलोडचा (ठरावीक लायब्ररी आधी लोड करायला लावण्याचा) जुगाड करून पाहिला, पण तो कधी चालतो, कधी नाही. म्हटलं इंटरप्रिटरच त्याच कंपायलरने बांधावा, म्हणजे कटकट मिटेल.

दुसरं म्हणजे, ३.१४ मध्ये नवा 'टेल-कॉल' इंटरप्रिटर आलाय, तो क्लँगवरच चालतो आणि १५ टक्के वेगवान आहे असं कुठेतरी वाचलं. यात कितपत तथ्य आहे?

आत्तापर्यंतची प्रगती: टारबॉल सोडवला, सीसी=क्लँग देऊन कॉन्फिगर चालवलं, मग मेक. एक-दोन वॉर्निंगा सोडल्या तर सगळं निमूट झालं. नवा पायथन उघडला तर पहिल्याच ओळीत, आवृत्ती आणि तारखेच्या पुढे, जिथे चौकटी कंसात जीसीसी १३ दिसायचं तिथे आता क्लँग १८ दिसतं. बरं वाटलं. पण --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं की कॉन्फिगर अडून बसतं: 'एलएलव्हीएम-प्रोफडेटा लागतं, सापडत नाही'. जीसीसीने बांधताना असलं काही मागत नाही. हे काय प्रकरण आहे?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलात अर्थात नेहमीसारख्या टाका.)

तिरकस | मंगळवार, रात्री ११:५८

सिस्टिमचा पायथन चांगला नांदतोय, लॅपटॉप चालू आहे, ऑफिसातून अजून काढलेलं नाही. आणि रात्री पावणेबाराला माणसाला कंपायलर बदलावासा वाटतो. धागाकर्त्याचं नाव सार्थ आहे.

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घाटावरचा | बुधवार, सकाळी ७:१५

उपद्व्यापी, आधी तुमचं अडलेलं सोडवू.

--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स म्हणजे पीजीओ (प्रोफाइल-गायडेड ऑप्टिमायझेशन). यात इंटरप्रिटर दोनदा बांधला जातो. पहिल्यांदा आत मोजणीची यंत्रणा घालून बांधतात, मग त्या इंटरप्रिटरवर पायथनच्याच निवडक टेस्ट पळवतात. कुठली फांदी किती वेळा घेतली, कुठलं फंक्शन किती तापलं, याची नोंद होते आणि ती नोंद हाताशी धरून कंपायलर सगळं पुन्हा बांधतो. जीसीसी ही नोंद त्याच्या जीसीडीए फायलींत ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत स्वतःच वाचतो. क्लँग मात्र कच्च्या प्रोफरॉ फायली टाकतो. त्या एकत्र करून त्याला चालेल असं रूप देणारं वेगळं अवजार म्हणजे एलएलव्हीएम-प्रोफडेटा.

उबुंटूत ते क्लँगच्या पॅकेजात येत नाही, एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्या प्रकल्पातून येतो त्याच्या) पॅकेजात येतं. तुम्ही क्लँग-१८ घेतलं असेल तर एलएलव्हीएम-१८ सुद्धा घ्या. आवृत्ती तीच घ्या, हे दोनदा वाचा. क्लँग एका आवृत्तीचा आणि प्रोफडेटा दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर कॉन्फिगर खुशाल पार पडतं, पहिली फेरी होते, टेस्ट पळतात, आणि मग नोंदी एकत्र करताना 'रॉ प्रोफाइल व्हर्जन मिसमॅच' म्हणून सगळं कोसळतं. तोवर पाऊण तास गेलेला असतो.

--विथ-एलटीओ (लिंक करताना अख्ख्या प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन) द्यायचं असेल तर एलएलव्हीएम-एआर पण लागेल. ते त्याच पॅकेजात आहे. लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा) म्हणून एलएलव्हीएमचा एलएलडी वापरा, कारण साध्या जीएनयू लिंकरला एलएलव्हीएमच्या एलटीओ फायली कळायला वेगळं प्लगइन लागतं, आणि ते शोधत बसण्यापेक्षा एलएलडी परवडतो. फक्त एलएलडी वापरण्याचा झेंडा (फ्लॅग) एलडीफ्लॅग्जमध्ये टाकू नका, एलडीफ्लॅग्ज-नोडिस्ट मध्ये टाका. कारण विचाराल तर पुढे सांगतो, तो मोठा विषय आहे.

आणखी दोन गोष्टी. जीसीसीने आधी बांधलेल्या फोल्डरमध्येच क्लँगने बांधू नका, निदान मेक डिस्टक्लीन तरी करा. त्याहून बरं म्हणजे सोर्स स्वच्छ ठेवायचा आणि शेजारी बिल्ड-जीसीसी, बिल्ड-क्लँग असे दोन फोल्डर करून प्रत्येकातून वरच्या फोल्डरचं कॉन्फिगर चालवायचं. दोन्ही बिल्ड शेजारी शेजारी राहतात आणि तुलना करता येते. सोर्स स्वच्छ नसेल तर मेक स्वतःच तक्रार करतं.

आणि मेक इन्स्टॉल करू नका. मेक ऑल्टइन्स्टॉल करा. साध्या इन्स्टॉलने पायथन३ हे नाव तुमच्या नव्या बिल्डकडे जातं, आणि उबुंटूची निम्मी यंत्रणा पायथन३ या नावावर चालते.

जाई-जुई | बुधवार, सकाळी ९:४०

भाबडा प्रश्न विचारते. मी कॉलेजात डेटा सायन्स शिकवते, कंपायलरशी संबंध बी.ई.च्या पेपरापुरता. पायथन तर इंटरप्रिटेड भाषा. मग तिला कंपायलर बदलून फरक का पडावा?

घाटावरचा | बुधवार, सकाळी १०:०५

जाईताई, भाबडा वगैरे काही नाही. तुमचा पायथन प्रोग्राम इंटरप्रिट होतो, पण तो इंटरप्रिट करणारा प्रोग्राम सी मध्ये लिहिलेला आहे. तो कुणीतरी मशीन कोडमध्ये उतरवलेला असतो. तुमच्या फॉर लूपची प्रत्येक फेरी शेवटी त्या सी कोडमधून जाते. त्यामुळे तो कोड कंपायलरने कसा रचला यावर तुमच्या प्रोग्रामचा वेग ठरतो. लिनक्सवर बहुधा जीसीसी असतो, मॅकवर क्लँग, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर. म्हणजे 'पर्यायी' कंपायलर हा फक्त लिनक्सवाल्यांच्या दृष्टीने पर्यायी. मॅकवाल्याला विचाराल तर क्लँग हाच घरचा. फ्रीबीएसडीनेही २०१४ मध्ये १० व्या आवृत्तीपासून क्लँगच घरात घेतला.

शून्य_एक | बुधवार, दुपारी १:३०

पायथनच्या अधिकृत सपोर्ट यादीतही हेच दिसतं. लिनक्स-एक्स८६ वर जीसीसी पहिल्या श्रेणीत आहे, क्लँग दुसऱ्या. म्हणजे क्लँगने बांधणं हे काही जंगलात शिरणं नाही, त्यावर रोज टेस्ट चालतात.

अवांतर: क्लँग स्वतःला विचारलं तर 'मी जीसीसी ४.२.१ आहे' असं सांगतो. त्याच्या मॅक्रोंत तसं लिहिलेलं आहे, म्हणजे जीसीसीसाठी लिहिलेला कोड अडू नये. ४.२.१ ही जीपीएल २ या परवान्याखालची शेवटची आवृत्ती. २००७ मध्ये जीसीसी जीपीएल ३ वर गेला, अ‍ॅपल ४.२ वरच थांबलं आणि त्याच वर्षी क्लँग मुक्त केला. आज मॅकवर जीसीसी टाइप केलं तरी उत्तर क्लँगच देतो.

टेल-कॉलबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. त्यात गंमत आहे. '१५ टक्के' या आकड्यामागे एक छान भानगड आहे.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी ४:१०

मी डिप्लोमाला आहे, लॅपटॉप नाही, फोनवर टर्मक्समध्ये सगळं करतो. तिथे जीसीसी मिळतच नाही असं दिसतंय. जीसीसी टाकलं की क्लँग चालतो. म्हणजे माझा पायथन आधीपासून क्लँगचाच का?

घाटावरचा | बुधवार, दुपारी ४:३५

हो. अँड्रॉइडच्या एनडीकेमधून (सी, सी++ साठीच्या अवजारसंचातून) गूगलने २०१८ मध्ये जीसीसी काढून टाकला. टर्मक्स त्याच वाटेने गेलं, तिथे जीसीसी हे क्लँगचंच टोपणनाव आहे. पायथन उघडून चौकटी कंस बघा, किंवा प्लॅटफॉर्म मॉड्यूलमधलं पायथन_कंपायलर हे फंक्शन चालवा. अख्खा धागा जे करायला धडपडतोय ते तुमच्या खिशात आहे.

शून्य_एक | बुधवार, रात्री ९:२०

आता टेल-कॉल.

पायथनचा प्रोग्राम आधी बाइटकोडमध्ये उतरतो. इंटरप्रिटर एक ऑपकोड उचलतो, त्याचं काम करतो, पुढचा उचलतो. साध्या सी मध्ये हे एका प्रचंड स्विचने लिहितात. त्यात अडचण ही, की प्रत्येक काम संपलं की परत त्याच एका जागी यायचं आणि तिथून पुढे उडी मारायची. एसटी स्टँडवर सगळ्या गाड्यांची चौकशी एकाच खिडकीवर असावी तसं. प्रोसेसरमध्ये पुढची उडी कुठे असेल याचा अंदाज बांधणारं सर्किट असतं. सगळ्या उड्या एकाच जागेवरून निघाल्या तर निदान जुन्या प्रोसेसरांवर त्याचा अंदाज वारंवार चुकतो.

जीसीसीत एक जुनी सोय आहे, लेबलचा पत्ता घेऊन थेट तिथे उडी मारायची. तिला कॉम्प्युटेड गोटो म्हणतात. ती प्रमाण सी मध्ये नाही, पण क्लँगलाही येते. ती वापरली की प्रत्येक ऑपकोडच्या शेवटी त्याची स्वतःची उडी असते. पायथनमध्ये ही सोय ३.१ पासून आहे आणि ३.२ पासून, कंपायलरला जमत असेल तर, आपोआप चालू होते.

३.१४ ने तिसरी पद्धत आणली. प्रत्येक ऑपकोडचं एक छोटं सी फंक्शन करायचं, आणि त्याने शेवटी पुढच्या ऑपकोडच्या फंक्शनला बोलवायचं. हे भोळेपणाने केलं तर स्टॅक क्षणात भरेल. म्हणून दोन गोष्टी लागतात. मस्टटेल या अ‍ॅट्रिब्यूटने कंपायलरला बजावायचं की हा कॉल उडीच झाला पाहिजे, जमत नसेल तर एरर दे. आणि प्रिझर्व्ह-नन या कॉलिंग पद्धतीने सांगायचं की रजिस्टर जपून ठेवण्याची उठाठेव करू नको. एक्स८६-६४ (इंटेल, एएमडी) आणि एआर्च६४ (आर्म) प्रोसेसरांवर ही जोडी क्लँग १९ पासून हाताशी आहे. जीसीसी १५ मध्ये मस्टटेल आलं, प्रिझर्व्ह-नन नव्हतं. म्हणून ३.१४ च्या वेळी हा पर्याय क्लँगपुरता राहिला. उपद्व्यापी, तुमच्या क्लँग १८ ला हे जमणार नाही. एलएलव्हीएमच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून २० किंवा पुढचा घ्या.

१९ नको, २० घ्या, असं का म्हणतोय? इथेच ती भानगड आहे.

२०२५ च्या सुरुवातीला हा बदल पायथनमध्ये आला तेव्हा जाहीर झालेला फायदा ९ ते १५ टक्के होता. पायथनसारख्या जुन्या, घासून पुसून गुळगुळीत झालेल्या इंटरप्रिटरमध्ये एका फटक्यात १५ टक्के म्हणजे चमत्कारच. सगळीकडे बोलबाला झाला. मग मार्चमध्ये नेल्सन एल्हाज या अभियंत्याने खोलात जाऊन पाहिलं. तुलना केली होती क्लँग १९ ने बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या इंटरप्रिटरशी, आणि क्लँग १९ मध्ये नेमका जुन्या पद्धतीलाच फटका देणारा एक बदल शिरला होता.

झालं असं. कॉम्प्युटेड गोटोच्या शेकडो उड्या आणि शेकडो मुक्कामं असली की कंपायलरच्या आतला आलेख हजारो धाग्यांचा गुंता होतो. म्हणून कंपायलर आधी त्या सगळ्या उड्या एका जागी गोळा करतो, बाकीचं ऑप्टिमायझेशन उरकतो, आणि शेवटी त्यांच्या पुन्हा प्रती काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवतो. या शेवटच्या पायरीला टेल डुप्लिकेशन म्हणतात. काही कोडवर ही पायरी वेळ आणि मेमरी अफाट खात होती, म्हणून एलएलव्हीएम १९ मध्ये तिच्यावर मर्यादा घातली. पायथनचा इंटरप्रिटर त्या मर्यादेच्या बाहेर पडला. प्रती निघाल्याच नाहीत. कोडमध्ये कॉम्प्युटेड गोटो लिहिलेलं, कॉन्फिगर सांगतंय 'चालू', आणि मशीन कोडमध्ये बघाल तर परत ती एकच खिडकी.

म्हणजे नवी पद्धत जितकी पळत होती, त्याहून जास्त जुनी लंगडत होती. एलएलव्हीएम २० मध्ये हे दुरुस्त झालं. बदल आणणाऱ्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त करून आकडा खाली आणला, आणि ३.१४ च्या अधिकृत नोंदीत आता सरासरी ३ ते ५ टक्के असं लिहिलेलं आहे. मला यातली कुणाची लबाडी वाटत नाही. कंपायलर आवृत्ती बदलताना इतकं मागे जाईल अशी शंका कुणाला येणार?

स्वतः बघायचं असेल तर ऑब्जडंप (मशीन कोड दाखवणारं अवजार) चालवून _पायइव्हॅल_इव्हॅलफ्रेमडिफॉल्ट या फंक्शनमधल्या रजिस्टरवरून मारलेल्या उड्या मोजा. निरोगी बिल्डमध्ये त्या शेकड्यांत असतात. क्लँग १९ च्या बिल्डमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. १९ च वापरायची वेळ आली तर -एमएलएलव्हीएम मागे टेल-डुप-प्रेड-साइझ=५००० देऊन ती मर्यादा उचलता येते.

तिरकस | बुधवार, रात्री ९:५१

टेल-कॉल आलं म्हणजे आता पायथनमध्ये रिकर्शन कितीही खोल करता येईल? ती हजाराची मर्यादा गेली?

शून्य_एक | बुधवार, रात्री १०:०२

नाही. हा बदल इंटरप्रिटरच्या पोटातल्या सी फंक्शनांपुरता आहे. तुमच्या पायथन फंक्शनांच्या टेल कॉलशी याचा काडीचा संबंध नाही. तुमचा फॅक्टोरियल पूर्वीइतक्याच खोलीवर बुडेल.

उपद्व्यापी | गुरुवार, रात्री ११:१०

शून्य_एक, जबरदस्त प्रतिसाद. वाखु (वाचनखूण) साठवली.

एलएलव्हीएम-१८ टाकल्यावर पीजीओ सुरळीत झालं. मग भांडारातून २० आणलं आणि --विथ-टेल-कॉल-इंटरप सकट बांधलं. तीन बिल्ड शेजारी शेजारी आहेत: जीसीसी, क्लँग साधा, क्लँग टेल-कॉल. माझी एक छोटी स्क्रिप्ट तिन्हींवर पळवली. तिन्ही एकमेकांच्या इतक्या जवळ, की कधी हा पुढे, कधी तो. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात का?

घाटावरचा | शुक्रवार, सकाळी ७:३०

लॅपटॉपवर एखादी स्क्रिप्ट पळवून ३ टक्क्यांचा फरक दिसत नसतो हो. चार्जर लावलाय का, आधीच्या बिल्डने प्रोसेसर तापलाय का, ब्राउझर उघडा आहे का, एवढ्यानेच त्याहून मोठा फरक पडतो. पायपर्फॉर्मन्स हा पायथनवाल्यांचा स्वतःचा बेंचमार्क संच आहे, तो वापरा. त्याच्या मुळाशी असलेल्या पायपर्फमध्ये 'सिस्टिम ट्यून' अशी आज्ञा आहे, ती प्रोसेसरचा टर्बो वगैरे बंद करून वारंवारता स्थिर ठेवते. आणि तिन्ही बिल्डना पीजीओ आणि एलटीओ सारखं दिलंय ना ते तपासा. एकाला पीजीओ आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर तुम्ही कंपायलर मोजत नाही, पीजीओ मोजताय. टेल-कॉलसाठी तर अधिकृत सल्लाच आहे की पीजीओ लावूनच वापरा, कारण तपासणी तेवढ्याच जोडणीवर झालीय.

माझं मत विचाराल तर वेगासाठी कंपायलर बदलू नये. विनापीजीओ ते पीजीओ ही उडी जीसीसी ते क्लँग या उडीपेक्षा बहुतेकदा मोठी असते. दुसरा कंपायलर खरा उपयोगी पडतो तो दुसऱ्या डोळ्यांसारखा. एकाला जे दिसत नाही त्यावर दुसरा वॉर्निंग देतो, आणि मेमरी सॅनिटायझर तर फक्त क्लँगकडेच आहे. तुमचं मूळ कारण तेच होतं, ते धरून बसा.

जाई-जुई | शुक्रवार, सकाळी ११:५०

धागा हायजॅक करत नाहीये, पण विषय जवळचा आहे. आमच्या लॅबमधल्या मशीनांवर कुणीतरी कुठूनतरी तयार पायथन उतरवून टाकलाय. एरवी उत्तम चालतो. काल मुलांना सी एक्स्टेंशन असलेलं एक पॅकेज सोर्सवरून बसवायला सांगितलं तर सगळ्यांच्या पडद्यावर एकच रड: 'कमांड क्लँग फेल्ड, नो सच फाइल'. लॅबमध्ये जीसीसी आहे, क्लँग कुणी मागितलाच नव्हता. तुमचा धागा वाचत होते म्हणून निदान क्लँग म्हणजे काय ते मुलांना सांगता आलं. पण पायथनला तो हवाच कशाला?

घाटावरचा | शुक्रवार, दुपारी १२:४०

जाईताई, बुधवारी 'मोठा विषय' म्हणून जो बाजूला ठेवला होता तो हाच.

पायथन बांधला जातो तेव्हा कुठला कंपायलर, कुठले झेंडे, लिंक कशी करायची, हे सगळं तो स्वतःच्या पोटात लिहून ठेवतो. सिसकॉन्फिग मॉड्यूलला सीसी विचारा, नाव मिळेल. पुढे तुम्ही एखादं सी एक्स्टेंशन बांधायला घेतलं की सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं अवजार) तीच नोंद वाचतो आणि त्याच कंपायलरला हाक मारतो. तयार मिळणारे, कुठल्याही लिनक्सवर चालणारे पायथन बरेचदा क्लँगने बांधलेले असतात. बांधणाऱ्याच्या मशीनवर क्लँग होता, तुमच्या लॅबमध्ये नाही. म्हणून ही रड. यूव्ही वगैरे अवजारं आता पायथन बसवतानाच ही नोंद बदलून साधं सीसी करतात, पण हाताने उतरवून टाकलेल्या पायथनला ते संस्कार झालेले नसतात.

उपाय सोपा आहे. पिपच्या आधी सीसी=जीसीसी लिहा. एन्व्हायर्नमेंटमधलं नाव नोंदीवर मात करतं, लिंक करण्याच्या आज्ञेतलं नावही सेटअपटूल्स बदलून घेतो. एखाद्या झेंड्यावर दुसरा कंपायलर कुरकुरतो, उदाहरणार्थ जीसीसीच्या पायथनवर जुन्या क्लँगने एक्स्टेंशन बांधलं तर 'फॅट-एलटीओ-ऑब्जेक्ट्स सपोर्टेड नाही' अशी वॉर्निंग येते. ती सोडून द्यायची.

आणि एक शंका कुणीतरी विचारणारच: क्लँगच्या पायथनमध्ये जीसीसीने बांधलेलं एक्स्टेंशन चालतं का? चालतं. लिनक्सवर सी चे एबीआय (बांधलेले तुकडे एकमेकांना कसे बोलावतात त्याचे नियम) दोघांचे एकच. पायपीआयवरून (पायथन पॅकेजांच्या भांडारातून) तुम्ही नमपाय उतरवता ते कुठल्या कंपायलरने बांधलंय हे तुम्ही कधी विचारलंय का?

आता एलडीफ्लॅग्ज-नोडिस्टचं. एलडीफ्लॅग्जमध्ये जे टाकाल ते त्या नोंदीत कायमचं जातं. तिथे एलएलडी लिहिलं तर हा पायथन वापरणाऱ्या प्रत्येकाला एक्स्टेंशन बांधायला एलएलडी लागेल. नोडिस्टवाल्यात टाकलं तर ते इंटरप्रिटर बांधण्यापुरतं राहतं. एलटीओ आणि पीजीओचे स्वतःचे झेंडे पायथन याच मार्गाने बाहेर जाऊ देत नाही.

जाई-जुई | शुक्रवार, दुपारी २:१५

सीसी=जीसीसी चाललं! सगळ्या मशीनवर. धन्यवाद. आता हे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये घालते, मुलांना शिव्या घालू देत.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ८:००

टीसीसी नावाचा छोटा कंपायलर आहे ना? त्याने पायथन बांधता येईल का? फोनवर क्लँगने फार वेळ लागतो.

शून्य_एक | शुक्रवार, रात्री ८:४५

फाब्रिस बेलार्डचा टाइनी सी. कंपाइल करायला विलक्षण वेगवान, पण ऑप्टिमायझेशन जवळजवळ नाही, त्यामुळे तयार झालेला इंटरप्रिटर रांगेल. शिवाय नवा पायथन त्याच्यासाठी जड आहे. ३.११ पासून सोर्सला सी११ लागतं, आणि ३.१३ पासून अ‍ॅटॉमिक क्रियांसाठी जीसीसीच्या पद्धतीचे बिल्ट-इन, सी११ चे अ‍ॅटॉमिक हेडर किंवा मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, यांपैकी काहीतरी हवंच.

हौस असेल तर लुआ घ्या. रिओच्या पीयूसी विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली भाषा, सगळा इंटरप्रिटर स्वच्छ, साध्या सी मध्ये, कॉन्फिगरची भानगडच नाही. मेकला सीसी सांगितलं की झालं. कंपायलर बदलून काय काय होतं हे बघायला पायथनपेक्षा लुआ बरी, पूर्ण बिल्ड फोनवरही चहा उकळायच्या आत होतं.

उपद्व्यापी | रविवार, सकाळी १०:२५

अपडेट देतो.

सॅनिटायझरवाला बिल्ड झाला. कॉन्फिगरला --विथ-अ‍ॅड्रेस-सॅनिटायझर दिलं, पीजीओ आणि एलटीओ दोन्ही काढले, वर --विथ-पायडीबग. पहिल्यांदा मेक मध्येच थांबलं. बांधता बांधता नुकताच तयार झालेला पायथन मेकला स्वतःलाच वापरायचा असतो, आणि तो बंद होताना काही मेमरी मोकळी करत नाही, त्यावर लीक तपासणी बोंब मारते. असान-ऑप्शन्समध्ये डिटेक्ट_लीक्स=० दिलं आणि गाडं पुढे सरकलं.

आमचं मॉड्यूल त्याच क्लँगने बांधून लोड केलं. रनटाइमची तक्रार गेली, कारण रनटाइम आता इंटरप्रिटरच्या आतच आहे. आणि दुसऱ्याच टेस्टला रिपोर्ट हातात आला: हीप-यूज-आफ्टर-फ्री. एका ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट आम्ही कमी करतो आणि दोन ओळींनंतर त्याच ऑब्जेक्टच्या बफरमधून वाचतो. रिपोर्टमध्ये तिन्ही ठिकाणं ओळ क्रमांकासकट होती, कुठे घेतलं, कुठे सोडलं, कुठे वाचलं. सिस्टिमच्या पायथनवर हाच कोड बिनबोभाट चालायचा.

शून्य_एक | रविवार, सकाळी ११:००

बिनबोभाट का चालायचा, तेही सांगतो. ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्या पायथन स्वतःच्या पायमॅलॉकमधून भागवतो. सोडलेली जागा त्याच्याकडेच पडून राहते आणि तिच्यात बराच वेळ जुनाच मजकूर असतो. बाहेरून बघणाऱ्या सॅनिटायझरला ती जागा 'चालू'च दिसते. --विथ-अ‍ॅड्रेस-सॅनिटायझर दिलं की कॉन्फिगर पायमॅलॉक बंद करतं, प्रत्येक मागणी थेट मॅलॉककडे जाते आणि मग काही लपत नाही. साध्या बिल्डवरही पायथनमॅलॉक=मॅलॉक देऊन व्हॅलग्राइंड (मेमरी तपासणारं दुसरं अवजार) लावलं असतं तर कदाचित सापडलं असतं, पण कासवाच्या वेगाने.

तिरकस | रविवार, सकाळी ११:२०

म्हणजे उपद्व्याप फळाला आला. ऑफिसात सांगू नका, पुढच्या महिन्यात सगळे कंपायलर तुमच्याकडेच देतील.

बाय द वे, डिस्क भरत आलीय का? आता हे चार-चार पायथन काढायचे कसे? मेक अनइन्स्टॉल?

घाटावरचा | रविवार, दुपारी १२:०५

सीपायथनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नाहीच. म्हणून कॉन्फिगरला पहिल्याच वेळी --प्रीफिक्स द्यायचा, होम फोल्डरमध्ये प्रत्येक बिल्डला वेगळा. काढायचा झाला की तो फोल्डर उडवायचा. यूएसआर-लोकलमध्ये टाकला असेल तर बिन, लिब, इन्क्लूड आणि मॅन पानं हाताने वेचावी लागतील. उपद्व्यापी, तुम्ही कुठे टाकलेत?

उपद्व्यापी | रविवार, दुपारी १२:११

तीन होममध्ये आहेत. चौथा यूएसआर-लोकलमध्ये. जेवून बसतो वेचायला.